टर्बो की एनए? जुनी परफॉर्मन्स कार घेण्यापूर्वी दोन्ही इंजिने कोणत्या क्रमाने तपासावीत

जुनी वेगवान गाडी घ्यायला निघालेले बहुतेक जण एकाच दुपारी दोन गाड्या चालवून पाहतात, एक टर्बोची (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र असलेली) आणि एक बिनटर्बोची, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा कौल टर्बोच्या बाजूने लागलेला असतो. हा कौल चुकीचाच असतो असे नाही. तो ज्या रीतीने लागतो ती रीत मात्र बहुतेक वेळा चुकीची असते. नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे एनए किंवा बिनटर्बोचे, इंजिन अडीच हजार आरपीएमवर (मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर) गेअर बदलत चालवले जाते, जिथे ते अजून पुरते जागेही झालेले नसते. टर्बो इंजिन रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या वरच्या मर्यादेपर्यंत, ताणले जाते, जिथे त्याचा जोर ओसरलेला असतो. आणि दोन्ही गाड्या विक्रेत्याने आधीच सुरू करून गरम ठेवलेल्या असतात, त्यामुळे जे दोष पहिल्या दोन मिनिटांत दिसायचे ते दिसतच नाहीत. पुढील क्रम या तीन चुका टाळण्यासाठी आहे. तो पेट्रोल गाड्यांपुरता आहे. डिझेल टर्बोला यातील बऱ्याच गोष्टी लागू पडत नाहीत.

## पूर्वतयारी

प्रत्येक गाडीसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. सोबत ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातील नोंदी फोनवर दाखवणारे उपकरण) आणि त्याचे ॲप असलेला फोन, टॉर्च, पांढरे सुती फडके, टायरचा हवादाब मोजण्याचे यंत्र आणि वेळ नोंदवण्यासाठी एक माणूस असावा. हा माणूस शेजारच्या सीटवर बसतो. गाडी चालवणाऱ्याने स्टॉपवॉच हातात घेऊ नये. विक्रेत्याला आदल्या दिवशी स्पष्ट सांगून ठेवावे की आपण येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गाडीचा विमा चालू आहे का आणि पीयूसी वैध आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे, कारण चाचणी सार्वजनिक रस्त्यावर होणार आहे.

दोन्ही गाड्यांसाठी रस्ता एकच निवडावा. सपाट, मोकळा, दुभाजक असलेला आणि दोन्ही दिशांनी चालवता येईल असा एखादा किलोमीटर पुरतो. एक गाडी मुंबईत आणि दुसरी पुण्यात पाहिली असेल, तर दोन्हींच्या वेळा शेजारी शेजारी मांडू नयेत. त्याचे कारण सातव्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: आकडे नीट वाचणे

ब्रोशरवरील पीएसचा, म्हणजे अश्वशक्तीचा, आकडा हा इंजिनाच्या एका ठरावीक आरपीएमवरचा असतो. त्या आरपीएमवर आपण दिवसातून किती वेळा जातो, हे ब्रोशर सांगत नाही. म्हणून पीएस आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) या दोन्ही आकड्यांपुढे छापलेला आरपीएम आधी वाचावा आणि मग एक साधे गणित करावे: न्यूटन मीटरमधील टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागले, की त्या क्षणीची शक्ती पीएसमध्ये मिळते.

आपल्याकडे सहज मिळणारी जोडी घेऊ. २०२० च्या होंडा सिटीचे १.५ लिटर एनए इंजिन ६६०० आरपीएमवर १२१ पीएस आणि ४३०० आरपीएमवर १४५ न्यूटन मीटर देते. फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचे १.५ लिटर टर्बो इंजिन ५००० ते ६००० आरपीएमदरम्यान १५० पीएस आणि १६०० ते ३५०० आरपीएमदरम्यान २५० न्यूटन मीटर देते. कागदावर फरक २९ पीएसचा आहे. पण २००० आरपीएमवर व्हर्टसची शक्ती सुमारे ७१ पीएस भरते, तर सिटीने आपला कमाल टॉर्क तिथेच दिला असे धरले तरी तिची ४१ पीएसच्या वर जात नाही. म्हणजे शहरात, कमी आरपीएमवर, दुसऱ्या गाडीला मागे टाकताना जाणवणारा फरक कागदावरच्या फरकापेक्षा बराच मोठा असतो.

आता तेच गणित उलटे करावे. व्हर्टसची शक्ती ५००० ते ६००० दरम्यान १५० पीएसवर स्थिर राहते, याचा अर्थ टॉर्क ५००० ला सुमारे २११ वरून ६००० ला सुमारे १७६ न्यूटन मीटरपर्यंत उतरलेला असतो. सिटीचा टॉर्क मात्र ६६०० आरपीएमवरही जवळपास १२९ असतो, म्हणजे कमाल आकड्याच्या नऊ दशांशांच्या आसपास. एनए इंजिन शेवटच्या हजार आरपीएममध्ये जे चैतन्य दाखवते त्याचे मूळ इथे आहे. व्हर्टसला रेडलाइनपर्यंत ताणण्यात फारसे हाती लागत नाही, याचे कारणही हेच.

महागड्या गाड्यांतही चित्र असेच आहे. २०१५ साली पोर्शेने ९११ कॅरेरा एसचे ३.८ लिटर एनए इंजिन काढून ३.० लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन बसवले. शक्ती ४०० वरून ४२० पीएस झाली, म्हणजे फार वाढली नाही. कमाल टॉर्क मात्र ५६०० आरपीएमऐवजी १७०० पासूनच मिळू लागला. गाडीचे नाव तेच राहिले, चालवण्याची रीत बदलली.

पडताळणी: दोन्ही गाड्यांची २०००, ३०००, ४५०० आणि ६००० आरपीएमवरची अंदाजी शक्ती एका कागदावर लिहून झाली का? टॉर्कचा आलेख मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर वरील रीतीने वरची मर्यादा तरी काढता येते.

## टप्पा २: स्वतःचा वापर लिहून काढणे

गेल्या महिन्यातील सर्व प्रवास आठवून तीन रकान्यांत मांडावेत: शहरातील कोंडी, महामार्ग, आणि घाट किंवा ट्रॅक. ज्याचे ऐंशी टक्के किलोमीटर हिंजवडी ते कोथरूड असे जातात, त्याने उंच आरपीएमच्या एनए इंजिनासाठी पैसे मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा. महिन्यातून दोनदा ताम्हिणीला पहाटे जाणाऱ्याचे गणित वेगळे असते. हा टप्पा दहा मिनिटांचा आहे आणि बहुतेक जण तोच वगळतात.

## टप्पा ३: थंड इंजिन

गाडीजवळ पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणे. कोमट लागले, तर तपासणी त्या दिवशी करू नये. मी एकदा नाशिकला सकाळी सात वाजता एक टर्बो हॅचबॅक पाहायला गेलो होतो, बॉनेट गरम होते आणि विक्रेता म्हणाला, "आत्ताच पेट्रोल भरून आणलं, दादा." पेट्रोलचा काटा पावाच्या खाली होता. दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो, तेव्हा पहिल्या स्टार्टला मागून निळा धूर निघाला आणि आमचा व्यवहार तिथेच संपला.

इंजिन थंड असतानाच डिपस्टिक काढून फडक्यावर ऑइल पाहावे. कूलंटची पातळी टाकीवरील खुणांमध्ये आहे का, त्यावर तेलकट तवंग आहे का, हे टॉर्चने पाहावे. मग मदतनीसाला मागे उभे करून इंजिन सुरू करावे. पुढील गोष्टी पहिल्या दोन मिनिटांतच कळतात:

१. सुरू होताच निघून विरणारा निळा धूर बहुधा व्हॉल्व्ह सील झिजल्याचे सांगतो आणि तो दोन्ही प्रकारच्या इंजिनांत दिसू शकतो.

२. टर्बोच्या गाडीत काही मिनिटे आयडलिंग करून मग हलका रेस दिल्यावर निळा धूर येत असेल, तर टर्बोच्या सीलवरही संशय घ्यावा.

३. थंडीत दिसणारी पांढरी वाफ स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट जळत आहे.

४. थंड असताना आयडलिंग अडखळत असेल आणि इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचलेला असू शकतो. अशा इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. हा दोष टर्बोचा मानला जातो, पण तो इंजेक्शनच्या पद्धतीचा आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या एनए इंजिनांतही तो तितकाच होतो.

सावधान: थंड इंजिनाला जोराचा रेस देऊन आवाज ऐकवणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे थांबवावे. त्या क्षणी ऑइल घट्ट असते आणि सर्वांत जास्त झीज तेव्हाच होते.

## टप्पा ४: बॉनेटखाली

एनए इंजिनात इथे पाहण्यासारखे तुलनेने कमी असते: तेलगळती, बेल्ट, इंजिन माउंट आणि एअर फिल्टर. फिल्टरच्या जागी बाजारातील उघडा कोन बसवला असेल, तर तो इंजिनाच्या गरम हवेतूनच श्वास घेत नाही ना, हे पाहावे. आवाज वाढतो, शक्ती बहुधा वाढत नाही.

टर्बोच्या गाडीत टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत) जाणारा प्रत्येक रबरी होज हाताने दाबून पाहावा. चिरा, सैल क्लॅम्प आणि तेलाचे ओघळ हे बूस्ट, म्हणजे टर्बोने निर्माण केलेला जादा हवादाब, गळत असल्याचे लक्षण आहे. इथे एक चूक अनेक मेकॅनिकही करतात: होजच्या आत तेलाचा पातळ थर दिसला की ते टर्बो गेल्याचे जाहीर करतात. क्रँककेसमधील वाफ इनटेकमध्ये परत येत असल्यामुळे पातळ थर असणे स्वाभाविक आहे. होज उतरवल्यावर तेल साचून ओघळत असेल, तरच प्रश्न गंभीर आहे.

शक्य असल्यास वर्कशॉपमध्ये टर्बोचा इनटेक पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. इंजिन बंद असताना आडवी, अगदी किंचित हालचाल चालते, कारण शाफ्ट चालताना ऑइलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे हालचाल जाणवली किंवा पाती टर्बोच्या आवरणाला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

## टप्पा ५: ओबीडी, आणि त्यातील एक सापळा

अडॅप्टर जोडून आधी साठलेले फॉल्ट कोड वाचावेत. कोड एकही नाही याचा आनंद मानण्यापूर्वी रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणाऱ्या नोंदी) पाहावेत. ते अपूर्ण दिसत असतील, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. अशा गाडीची दोन-तीन दिवसांनी, शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासणी करावी. इंजिन तापल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणात इंजिनाचा संगणक सतत करत असलेली दुरुस्ती) पाहावा: उणे-अधिक पाच टक्क्यांच्या आत असेल तर समाधानकारक, दहाच्या पुढे असेल तर हवा किंवा पेट्रोल कुठेतरी हिशेबाबाहेर जात आहे.

सापळा बूस्टच्या आकड्यात आहे. ॲपमधील इनटेक मॅनिफोल्डचा दाब हा निरपेक्ष दाब असतो. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केल्यावर खरा बूस्ट मिळतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५. पूर्ण थ्रॉटलला १८० दिसले, तर पुण्यात बूस्ट ८५ किलोपास्कल आहे, १८० नव्हे. एनए गाडीत हाच आकडा पूर्ण थ्रॉटलला बाहेरच्या दाबाच्या जवळ पोहोचायला हवा. तो बराच खाली राहत असेल, तर फिल्टर किंवा थ्रॉटल बॉडी तुंबलेली आहे.

## टप्पा ६: चालवणे

कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले, हा समज सोडून द्यावा. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून काटा स्थिर झाल्यावरही दहा मिनिटे सावकाश चालवावे. टायरचा हवादाब दोन्ही गाड्यांत शिफारशीप्रमाणे असावा आणि एसी दोन्हींत बंद असावा.

एनए गाडीसाठी. दुसऱ्या गेअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर, एकदा तरी रेडलाइनच्या जवळ न्यावे आणि आवाज व ओढ कुठे बदलते ते लक्षात ठेवावे. सलग ओढ हवी. मध्येच दम लागल्यासारखे वाटले, तर दोष आहे. नंतर तोच रस्ता एक गेअर खाली ठेवून चालवावा, कारण एनए गाडीचे मालक रोज असेच चालवतात. हे ज्याला त्रासाचे वाटते त्याने ही गाडी घेऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

टर्बो गाडीसाठी. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ज्या आरपीएमच्या खाली टर्बो पुरेसा दाब निर्माणच करू शकत नाही, तो बूस्टचा उंबरठा. त्या आरपीएमच्या वर असतानाही पॅडल दाबल्यापासून जोर येईपर्यंत जाणारा वेळ, तो लॅग. तिसऱ्या गेअरमध्ये १२०० आरपीएमवर असताना पॅडल दाबून "लॅग फार आहे" म्हणणारा माणूस प्रत्यक्षात उंबरठा मोजत असतो, आणि त्यावरचा उपाय म्हणजे एक गेअर खाली टाकणे. खरा लॅग मोजायचा असेल, तर तिसऱ्या गेअरमध्ये २५०० आरपीएमवर स्थिर चालवावे, पॅडल एकदम पूर्ण दाबावे आणि मॅनिफोल्डचा दाब कमाल होईपर्यंतचा वेळ ॲपच्या नोंदीतून काढावा. पोटात जाणवणाऱ्या धक्क्यावरून अंदाज बांधू नये.

यानंतर दोन्ही गाड्यांची एकच मोजदाद करावी: तिसऱ्या गेअरमध्ये ताशी ४० ते ८० किलोमीटर, पूर्ण थ्रॉटल, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, आणि सहा वेळांची सरासरी. पहिला आणि दुसरा गेअर टाळण्याचे कारण असे, की अनेक टर्बो गाड्यांत खालच्या गेअरमध्ये टॉर्क मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोड वापरावा आणि पॅडलच्या तळाशी लागणारी किकडाउनची टिकटिक होण्याच्या किंचित आधी थांबावे, नाहीतर गिअरबॉक्स आपणहून खालचा गेअर टाकतो. सीव्हीटी गाडीची ही चाचणी करूच नये. तिला ठरावीक गेअर नसल्याने तुलना निरर्थक ठरते.

सावधान: लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनाला पाचव्या-सहाव्या गेअरमध्ये पंधराशे आरपीएमच्या खाली पूर्ण थ्रॉटल देऊ नये. कमी वेगात आणि मोठ्या भाराखाली मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. आवाज ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

चालवताना खिडक्या उघड्या ठेवून ऐकावे. हलकी शीळ ठीक आहे. बूस्टबरोबर चढत जाणारा सायरनसारखा आवाज बेअरिंगकडे बोट दाखवतो, फुसफुस गळतीकडे, आणि पॅडल सोडताना होणारी पत्र्यासारखी खडखड वेस्टगेटकडे (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेकडे).

## टप्पा ७: उन्हात आणि उंचीवर

सहा वेळांमधील पहिली आणि शेवटची वेळ शेजारी ठेवून पाहावी. एनए गाडीत त्या जवळपास सारख्या राहतात. टर्बो गाडीत इंटरकूलर तापत जातो, आत जाणारी हवा गरम होते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि वेळ वाढत जाते. थोडी वाढ चालते. ओबीडीवर इनटेक हवेचे तापमान प्रत्येक फेरीला चढत जाऊन खाली येतच नसेल, तर इंटरकूलर धुळीने भरला आहे किंवा बूस्ट मूळ आकड्यापेक्षा वाढवलेला आहे. नागपूरच्या मेमध्ये ही चाचणी दुपारी एकदा जरूर करावी. लोणावळ्याच्या पावसात सगळ्याच टर्बो गाड्या गुणी दिसतात.

उंचीचे गणित याच्या उलट आहे. पुण्यात हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाच टक्के कमी असते, महाबळेश्वरला सुमारे बारा टक्के. एनए इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात उतरते. टर्बो अधिक वेगाने फिरून बरीचशी तूट भरून काढतो. मुंबई आणि पुण्यातील वेळा एकत्र मांडू नयेत असे सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

## टप्पा ८: रिमॅप आणि कागदपत्रे

टर्बो गाडीची शक्ती केवळ सॉफ्टवेअर बदलून बरीच वाढवता येते, एनए गाडीची फारशी नाही. म्हणून रिमॅपचा, म्हणजे अशा सॉफ्टवेअर बदलाचा, प्रश्न टर्बोच्या गाडीत आधी विचारावा. "स्टॉकवर (मूळ अवस्थेवर) आणून दिली आहे" हे उत्तर समाधानकारक नाही. ती गाडी वाढीव बूस्टवर किती हजार किलोमीटर चालली, हा खरा प्रश्न आहे. अधिकृत वर्कशॉपमध्ये ईसीयूची कॅलिब्रेशन आवृत्ती वाचून घ्यावी, क्लच घसरतो का हे वरच्या गेअरमध्ये पाहावे आणि विमा कंपनीला बदल कळवले होते का ते विचारावे.

सर्व्हिसच्या नोंदींत टर्बोसाठी ऑइल बदलण्यातील अंतर पाहावे, उंच आरपीएमच्या एनएसाठी ऑइलचा ग्रेड. एनए म्हणजे बिनखर्चाची, हा समज महागात पडतो: बीएमडब्ल्यूच्या ई९२ एम३ मधील ४.० लिटर व्ही८ इंजिन ८३०० आरपीएमवर ४२० पीएस देते, पण त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजणे सर्वज्ञात आहे आणि जाणते खरेदीदार ते बदलल्याची पावती आधी मागतात. शेवटी दोन्ही प्रकारांत कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. सिलिंडरांमधील फरक दहा टक्क्यांच्या आत असावा.

## टप्पा ९: घेतल्यानंतरचे पहिले हजार किलोमीटर

मागच्या मालकाची नोंद कितीही चोख असली, तरी ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून आपला हिशेब शून्यापासून सुरू करावा. लहान टर्बो इंजिनासाठी मॅन्युअलमधील ग्रेडसोबत एपीआय एसपी दर्जाचे ऑइल घ्यावे. वर सांगितलेल्या अकाली ज्वलनाची चाचणी या दर्जात अंतर्भूत आहे. पेट्रोलचा ऑक्टेन (अकाली न पेटण्याची क्षमता) टाकीच्या झाकणामागे लिहिलेला असतो. तिथे लिहिलेल्यापेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले, तर ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी इग्निशन मागे घेतो आणि ज्या शक्तीसाठी पैसे मोजले ती मिळत नाही. उलट, ९१ वर चालणाऱ्या गाडीत महागडे पेट्रोल भरून फारसे काही पदरात पडत नाही. जुन्या आणि आयात केलेल्या गाड्यांच्या बाबतीत ई२० पेट्रोल चालते का, हे उत्पादकाकडून आधीच विचारून घ्यावे.

टर्बो गाडी जोरात चालवून आणल्यावर शेवटचे दोन किलोमीटर शांतपणे चालवावेत, म्हणजे बेअरिंगमधील ऑइल जागीच जळून कोळसा होत नाही. सोसायटीत सावकाश शिरून पार्किंगपर्यंत आले असाल, तर वेगळे आयडलिंग करत बसण्याची गरज नाही. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दर दोनशेला, सकाळी थंड असताना, डिपस्टिकवरील पातळी वहीत लिहावी आणि हजार पूर्ण झाल्यावर ती वही घेऊनच वर्कशॉपमध्ये जावे.